बुटात हवा भरणारा डॉक्टर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अर्धांगवायूतून सावरलेले साठीचे एक काका वॉर्डच्या व्हरांड्यात मला चालून दाखवत होते. दहा-बारा पावले गेले, वळले, परत आले. पाऊल नीट उचलले जात होते, टाच आधी टेकत होती. मी केसपेपरवर चाल समाधानकारक असल्याचा शेरा मारला आणि त्यांना घरी सोडले. पंधरा दिवसांनी ते स्ट्रेचरवरून परत आले. खुब्याचे हाड मोडले होते. संध्याकाळी देवळातून परतताना स्वतःच्याच घराच्या उंबरठ्याला चवडा अडकला होता. मुलीने सांगितले की बाबा सकाळी ठीक चालतात, पण अर्धा तास फिरले की पाऊल लोंबायला लागते. नडगीच्या पुढच्या बाजूचा, पाऊल वर उचलणारा स्नायू दमत होता. माझ्या दहा पावलांच्या परीक्षेत त्याला दमायला वेळच मिळाला नव्हता.

त्या दिवसापासून मी आमच्या विद्यार्थ्यांना एका फ्रेंच डॉक्टरची गोष्ट सांगू लागलो आहे. एतिएन-ज्यूल मारे हे त्यांचे नाव. आपल्या कानाला ते जरा गमतीदार वाटते, पण त्याला इलाज नाही. सिनेमाचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असते. डॉक्टर मंडळींना मात्र ते फारसे आठवत नाही. वास्तविक मनगटावर, पायात, छातीवर उपकरण बांधून चालत्याबोलत्या शरीराची मोजदाद करण्याच्या कामाला खरे वळण लावले ते याच माणसाने, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वी.

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या बोन या गावी झाला. हे गाव द्राक्षमळ्यांसाठी आणि वाइनसाठी प्रसिद्ध. वडीलही वाइनच्याच व्यापारात नोकरीला होते. मुलाला यंत्रांचे वेड होते आणि इंजिनियर व्हायचे होते. वडिलांना मात्र तो डॉक्टर व्हायला हवा होता. अशा भांडणात कोण जिंकते हे आपल्याकडच्या बारावीच्या घरांना वेगळे सांगायला नको. १८४९ मध्ये मारे पॅरिसला वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. पण डोक्यातला इंजिनियर काही गेला नाही. १८५९ मध्ये त्यांनी रक्ताभिसरणावर प्रबंध लिहून पदवी मिळवली, तोही रक्तवाहिन्यांकडे नळ्या आणि पंप म्हणून पाहणारा होता. पुढे अध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षेत ते नापास झाले. दवाखाना थाटला, तोही चालला नाही.

दवाखाना चालला असता तर पुढचे काही घडलेच नसते.

त्या काळी नाडी पाहणे ही बोटांची कला होती. भरलेली नाडी, बारीक नाडी, उडी मारणारी नाडी, अशी वर्णने वैद्य करत, आणि एकाला जे वाटे ते दुसऱ्याला वाटेलच असे नसे. नाडीचा आलेख काढणारे एक यंत्र जर्मनीत तयार झाले होते, पण त्याची दांडी इतकी बोजड होती की नाडीचे बारकावे तिच्या वजनाखाली दडपून जात. मारे यांनी १८६० च्या सुमारास त्यावर साधा उपाय शोधला. मनगटावरच्या धमनीवर एक लहान स्प्रिंग, तिला जोडलेली अगदी हलकी लांब काडी, आणि काडीच्या टोकासमोरून घड्याळाच्या यंत्राने सरकत जाणारी काजळी धरलेली पट्टी. नाडी उसळली की काडी उचलली जाई आणि काळ्या काजळीवर पांढरी रेघ उमटे. सगळे उपकरण पट्ट्याने मनगटाला बांधता येत असे. आज आपण मनगटावर जे मिरवतो त्याचे हे पणजोबा म्हणायला हरकत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या देशाशी जोडलेले आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक अकबर मोहम्मद नावाचा एक तरुण डॉक्टर होता. पाटण्याहून इंग्लंडला जाऊन स्थायिक झालेले आणि तिथे चंपीला शॅम्पूइंग म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणारे शेख दीन मोहम्मद हे त्याचे आजोबा. या नातवाने मारे यांच्या यंत्रात सुधारणा करून धमनीतला ताण अंदाजाने का होईना, पण मोजायला सुरुवात केली, आणि मूत्रपिंडे ठीक असलेल्या माणसांचाही रक्तदाब वाढलेला असू शकतो हे १८७० च्या दशकात दाखवले. १८८४ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने तो गेला. आज मी रोज ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देतो त्यातल्या बहुतेकांचा आजार याच प्रकारचा असतो.

मारे यांच्याकडे परत येऊ. लियाँचे पशुवैद्य ऑग्युस्त शोव्हो यांच्याबरोबर त्यांनी १८६१ च्या सुमारास एक धाडसी प्रयोग केला. जिवंत, उभ्या घोड्याच्या मानेतल्या रक्तवाहिनीतून रबरी फुगा लावलेली नळी थेट हृदयात सरकवली. हृदयाचा कप्पा आकुंचन पावला की फुगा दाबला जाई, नळीतली हवा दुसऱ्या टोकाच्या छोट्या डबीवर ताणलेला रबरी पडदा उचले आणि पडद्यावर टेकलेली काडी रेघ काढे. छातीवर हाताला लागणारा हृदयाचा ठोका नेमका कधी येतो, कप्पा भरताना की रिकामा होताना, यावर त्या काळी डॉक्टरांत वाद पेटलेला होता. एकाच कागदावर एकाखाली एक तीन रेघा उमटल्या: वरचा कप्पा, खालचा कप्पा आणि छातीवरचा ठोका. ठोका खालच्या कप्प्याच्या आकुंचनाबरोबरच येत होता. वाद संपला. विशेष म्हणजे इतके करूनही घोडा शांत उभा होता.

हा शेवटचा मुद्दा मारे यांच्यासाठी कळीचा होता. त्यांच्या काळातले बरेचसे शरीरशास्त्र प्राण्यांना चिरून शिकले जात होते. बेडकाचा पाय कापायचा, विजेचा झटका द्यायचा आणि स्नायू किती आखडतो ते पाहायचे. त्यातून पुष्कळ कळले, हे मान्यच केले पाहिजे. पण टेबलावर खिळलेल्या प्राण्याच्या शरीरात दिसते तेच मोकळ्या प्राण्याच्या शरीरात घडते याची खात्री कोणी द्यायची? मोजण्याच्या खटाटोपात मोजायची गोष्टच बदलून जाऊ नये, असा मारे यांचा आग्रह होता. म्हणून त्यांची उपकरणे हलकी होत गेली आणि शरीराच्या आतून बाहेर येऊन अंगावर बसू लागली.

हवेची ती डबी आता सगळीकडे दिसू लागली. स्नायू आखडतो तेव्हा आखूड होतो आणि त्याच वेळी जाडही होतो; दंडाची बेटकुळी कोणालाही दाखवता येते. मारे यांनी हे जाड होणेच मोजायला घेतले. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर चिमट्यासारखे उपकरण बसवायचे; स्नायू फुगला की हवा दाबली जाई आणि काजळीवर रेघ चढे. कातडीला ओरखडाही न उठवता जिवंत माणसाच्या स्नायूचा आलेख मिळू लागला.

मग त्यांनी हीच युक्ती उडत्या पक्ष्यावर चालवली. कबुतराला घट्ट चोळीसारखे कापड बांधले, त्याखाली छातीच्या मोठ्या स्नायूवर हवेची चपटी डबी ठेवली आणि तिच्यापासून निघालेली लांब बारीक रबरी नळी आलेखाच्या यंत्राला जोडली. पक्षी खोलीतून उडाला की पंखांच्या दर फटकाऱ्याला छातीचा स्नायू केव्हा आणि किती फुगतो ते कागदावर उतरू लागले. हे सगळे १८७० च्या आसपास. अंगावर बांधलेल्या उपकरणाने, हालचाल चालू असताना स्नायूचे काम मोजणे अशी व्याख्या आपण आज करतो. ती या कबुतराला तंतोतंत लागू पडते.

माणसासाठी त्यांनी बूट केले. मारे आणि त्यांचे विद्यार्थी गास्ताँ कार्ले यांनी जाड रबरी तळात हवेची पोकळी असलेले बूट बनवले. पाऊल टेकले की हवा दाबली जायची, उचलले की सुटायची. नळ्या पायावरून वर येऊन हातात धरलेल्या छोट्या आलेख-यंत्राला मिळत. डोक्यावर आणखी एक उपकरण असे, ते शरीर दर पावलाला किती वर-खाली होते ते टिपे. त्या काळच्या चित्रात हा सगळा सरंजाम अंगावर चढवून एक माणूस चक्क धावताना दाखवला आहे. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि क्षणभर दोन्ही असतात, धावताना मात्र मध्ये असा क्षण येतो की एकही नसतो, हे त्या रेघांवरून मोजून दाखवता आले. घोड्याच्या खुरांखालीही असेच रबरी फुगे बसवले, स्वाराच्या हातात यंत्र दिले, आणि दौडताना घोड्याचे चारही पाय काही क्षण हवेत असतात हे आलेखाने सांगितले.

हे सगळे त्यांच्या १८७३ सालच्या प्राणी-यंत्र अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात आले. पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि कॅलिफोर्नियातले धनाढ्य अश्वप्रेमी लेलंड स्टॅनफर्ड यांच्या वाचनात आले. त्यांनी पोसलेल्या एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची जी जगप्रसिद्ध छायाचित्रे घेतली, त्यांनी मारे यांच्या रेघा खऱ्या ठरवल्या. ती छायाचित्रे एका फ्रेंच मासिकात पाहून मारे भारावले आणि त्यांच्या कामाचा रस्ताच बदलला.

बदलण्याचे कारण त्यांच्याच आग्रहात होते. चोळी बांधलेला आणि नळीने जखडलेला पक्षी मोकळा उडत नाही. अंगावरचे उपकरण कितीही हलके केले तरी ते अंगावर असतेच. कॅमेरा मात्र लांबून पाहतो. १८८२ मध्ये नेपल्सच्या घरी, जिथे ते हिवाळे काढत, त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. चाप ओढला की सेकंदाला बारा छायाचित्रे, प्रत्येकाचा उजेड सेकंदाच्या ७२० व्या भागाइतका. पक्ष्यांवर नेम धरणारा पण एकही पक्षी न मारणारा हा पाहुणा वेडसर आहे, असे गावकरी समजत अशी आठवण सांगतात. (मारे हे नाव असूनही, असे मला नेहमी जोडावेसे वाटते.)

त्याच वर्षी पॅरिसच्या कडेला, सरकार आणि नगरपालिकेच्या पैशातून त्यांना उघड्या मैदानावरची प्रयोगशाळा मिळाली. गोल धावपट्टी आणि काळी पार्श्वभूमी. माणसाला नखशिखांत काळे कपडे घालायचे, हातापायांच्या हाडांच्या रेषेत पांढरी पट्टी आणि सांध्यांवर पांढरे ठिपके लावायचे, आणि एकाच काचेवर पुन्हा पुन्हा छायाचित्र घ्यायचे. माणूस नाहीसा होतो आणि चालणाऱ्या रेषांचा पंखा उरतो. आज चित्रपटात नटाच्या अंगावर ठिपके लावून हालचाल टिपतात, मोठ्या शहरांतल्या चालीच्या प्रयोगशाळांत रुग्णांना ठिपके लावतात, त्याचे मूळ इथे आहे. सैनिक, खेळाडू, ओझे वाहणारे, लंगडणारे रुग्ण, सगळे त्या धावपट्टीवर चालले. तालाचा वेग वाढवला की पावलाची लांबी आधी वाढते, पण एका मर्यादेपुढे ताल वाढवला तर ती घटते, असे मोजमापातून दिसले. सैन्याला याचा उपयोग उघड होता, आणि पैसे येत राहण्याचे तेही एक कारण असावे.

या कामात मारे यांचा उजवा हात होता जॉर्ज दमनी. मैदानावरचे रोजचे काम बहुतांशी त्याच्याच अंगावर, कारण मारे महिनोन्‌महिने इटलीत. दमनीला हलत्या चित्रांतून धंदा दिसत होता. मारे यांना डोळ्याला दिसते तेच पुन्हा पडद्यावर दाखवण्यात रस नव्हता; डोळ्याला दिसत नाही ते त्यांना हवे होते. अखेर १८९४ मध्ये दमनीला बाहेर पडावे लागले. मारे थोर खरे, पण चौदा-पंधरा वर्षे राबलेल्या सहकाऱ्याला त्यांनी ज्या तऱ्हेने दूर केले ते मला पटत नाही. पुढच्याच वर्षी ल्युमिएर बंधूंनी सिनेमा दाखवून नाव आणि पैसा दोन्ही मिळवले. ते दोघांपैकी कोणाच्याच वाट्याला आले नाही.

कॅमेऱ्याने एक गोष्ट मिळवून दिली आणि एक हिरावली. हालचालीचा आकार मिळाला, पण आतला स्नायू पुन्हा झाकला गेला. गुडघा वाकलेला दिसतो. तो कोणत्या स्नायूने वाकवला, की केवळ वजनाने वाकला, हे छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी स्नायूतली वीज मोजावी लागते. बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८४९ मध्येच माणसाच्या हाताच्या आकुंचनातली वीज पकडली होती, पण कातडीचा अडथळा कमी करण्यासाठी त्यांना फोड आणून वरची कातडी काढावी लागली होती. अशी चाचणी रुग्णावर कोण करणार! मारे यांनीही १८७६ मध्ये पाऱ्याच्या केसासारख्या बारीक नळीचे विद्युतमापक वापरून बेडकाच्या आणि कासवाच्या हृदयाची वीज छायाचित्रावर नोंदवली. पुढे वॉलर आणि आइंटहोवन यांनी त्याच वाटेने जाऊन ईसीजी घडवला. हातापायांच्या स्नायूंचा विद्युत आलेख, म्हणजे ईएमजी, दवाखान्यात रुळायला मात्र विसावे शतक बरेच उलटावे लागले.

आज ही वीज मोजायला कातडी सोलावी लागत नाही. स्नायूवर दोनेक सेंटीमीटर अंतराने दोन पट्ट्या चिकटवल्या की पुरते. मिळणारा संकेत व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही क्षीण, तो मोठा करून काडेपेटीएवढ्या डबीतून बिनतारी पाठवता येतो. काही ठिकाणी पट्ट्यांऐवजी चड्डीच्या कापडातच तारा विणलेल्या असतात. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा चड्ड्या घालायला देऊन धडधाकट माणसांचे रोजचे दिवस मोजले. त्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की मांडीचे स्नायू नोंदीच्या वेळेपैकी जवळपास दोन तृतीयांश वेळ गप्पच होते. सरासरी काम त्यांच्या कमाल ताकदीच्या चार टक्क्यांच्या आसपास. दिवसभर दगदग झाली असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही संख्या एकदा वाचावी.

पण मारे यांची जुनी अडचणही जिवंत आहे. पट्टी एक बोटभर सरकली की शेजारच्या स्नायूची वीज मिसळते. कातडीखाली चरबी जास्त असेल तर संकेत दबतो. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते, हा अनुभव होल्टर लावून घेतलेल्या अनेकांना असेल. संकेत मोठा दिसला म्हणजे ताकद तेवढीच जास्त असेही नाही. दमलेला स्नायू तेवढेच वजन उचलताना जास्त खडखडाट करतो. म्हणून सुरुवातीला त्या माणसाला पूर्ण जोर लावायला सांगून त्याच्याच कमाल ताकदीशी तुलना करावी लागते, आणि अर्धांगवायूच्या रुग्णाला पूर्ण जोर लावताच येत नाही. शिवाय अंगावर यंत्र आहे हे माहीत असलेला माणूस जरा जास्तच नीट चालतो, जसे काका माझ्यासमोर चालले.

मारे अखेरच्या वर्षांत दोन कामांत गुंतले होते. एक म्हणजे हवेत सोडलेल्या धुराच्या रेषांची छायाचित्रे, वाटेत वस्तू आली की वारा कसा वळतो हे पाहण्यासाठी. दुसरे काम कंटाळवाणे, आणि मला विचाराल तर अधिक मोलाचे: देशोदेशीच्या प्रयोगशाळांतली आलेख-यंत्रे एका मापाला आणणे, म्हणजे इथल्या रेघेची तिथल्या रेघेशी तुलना करता येईल. त्यासाठी त्यांच्या मैदानाशेजारी एक संस्था उभी राहिली. मे १९०४ मध्ये मारे वारले. संस्थेची इमारत पुढे पाडली गेली. फ्रेंच ओपनचे टेनिस सामने आपण टीव्हीवर पाहतो ते रोलाँ गारोचे संकुल आता त्या जागेवर पसरले आहे.

आमच्याकडे वीज मोजणाऱ्या चड्ड्या नाहीत आणि लवकर येतील असेही नाही. आता अर्धांगवायूच्या रुग्णाला सोडण्याआधी मी त्याला सकाळी एकदा आणि मग जिना चढउतार करून, व्हरांड्याच्या दहा फेऱ्या झाल्यावर पुन्हा चालवतो. घरच्यांना सांगतो की संध्याकाळी, घरातल्याच चपलांत, त्यांचे लक्ष नसताना मोबाइलवर पायांचे चित्रीकरण करून आणा. काकांच्या पायाला घोट्यापासून आधार देणारा प्लास्टिकचा स्प्लिंट बसवला आहे. त्यांच्या मुलीने परवा पाठवलेल्या चित्रफितीत ते उंबरठा ओलांडताना दिसतात. ओलांडण्याआधी थांबतात, चौकट धरतात आणि मग चांगला पाय आधी टाकतात.